रॅम्प आहे म्हणता, एकदा चढून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाच्या दिवशी, आमच्या तालुक्यात झालेल्या कार्यक्रमाची बातमी आपल्या जिल्हा पानावर फोटोसह आली. फोटोत मीही आहे. डावीकडून तिसरी, शाल पांघरलेली, नारळ कुबडीच्या मुठीवर कसाबसा टेकवून उभी. मथळा होता ‘अपंगत्वावर मात करणाऱ्यांचा सत्कार’. फोटो चांगला आलाय. घरच्यांनी कात्रण लॅमिनेट करायला सांगितलं आणि ते मीच माझ्या दुकानात करून दिलं. तेव्हा फोटोबद्दल माझी काही तक्रार नाही. फोटोच्या आधी जे घडलं ते बातमीत नव्हतं, तेवढं कळवते.

व्यासपीठ छातीएवढं उंच होतं. चढायला मांडववाल्याची लोखंडी पायरी, तीही एका बाजूने हलणारी. पाहुणे वर गेले, दीपप्रज्वलन झालं, मग आमची नावं पुकारली. व्हीलचेअरवाल्या दोघांना कार्यकर्त्यांनी खुर्चीसकट उचललं. त्यातले एक जण अंगाने भरलेले. खुर्ची तिरकी झाली, त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले, आणि माइकवरून आवाज आला, “जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!” मला दोघांनी काखेत धरून वर घेतलं. माझ्या मागच्या काकांनी मात्र साफ सांगितलं, “मला खालीच द्या, मी काही पोत्यासारखा वर जाणार नाही.” पाहुणे खाली उतरून आले, शाल दिली. निवेदक म्हणाले, “बघा, किती हा साधेपणा!” काका रागाने लाल झाले होते, पण माइक काकांच्या हातात नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर आपले वार्ताहर भेटले. गुणी मुलगा आहे, ताई ताई करत बोलला. कितव्या वर्षी झालं, कोणता पाय, किती टक्के, घरच्यांनी साथ दिली का, लग्न का केलं नाही, असं सगळं विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली. नुकतंच त्याच्या डोळ्यांदेखत आम्हाला सामानासारखं वर चढवलं होतं, त्याबद्दल मात्र त्याला काही विचारावंसं वाटलं नाही. त्याला दोष देत नाही. ते कोणालाच दिसत नाही, म्हणून तर लिहायला बसले.

माझं तालुक्याच्या सरकारी कचेरीसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. वय पन्नाशीच्या पुढे. पोलिओ दोन वर्षांची असताना झाला. डाव्या पायाला कंबरेपर्यंत कॅलिपर, म्हणजे पट्ट्यांनी बांधायचा लोखंडी आधार, उजव्या हाताला कुबडी, फिरायला मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर. दिव्यांग ओळखपत्राचे, पेन्शनचे, सवलतीच्या पासचे बहुतेक अर्ज माझ्याच दुकानातून भरले जातात. त्यामुळे तालुक्यातल्या दिव्यांग माणसांची जेवढी गाऱ्हाणी कचेरीच्या फायलीत नसतील तेवढी माझ्या काउंटरवर येतात. स्टूलही मी त्यासाठीच ठेवलंय.

आता समोरच्या कचेरीच्या रॅम्पविषयी. रॅम्प आहे. बाजूला निळ्या पाटीवर व्हीलचेअरचं चित्रही आहे. मी शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडून टेप आणून एका रविवारी भाच्याकडून तो मोजून घेतला. जोतं दोन फूट उंच. रॅम्पचा उतार एकास बारा असावा असा नियम आहे, म्हणजे एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी. दोन फुटांना चोवीस फूट व्हायला हवा होता. प्रत्यक्षात भरला सव्वासहा फूट. उतार कसला, घसरगुंडीच. वर फरशी बसवलीय पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटची, कारण इमारतीच्या पायऱ्यांना तीच आणली होती आणि चार तुकडे उरले होते. कठडा एकाच बाजूला, आणि तो भिंतीच्या इतका जवळ की बोटं आत जात नाहीत. पायथ्याला कर्मचाऱ्यांच्या मोटारसायकली. एवढ्यातून कोणी वर पोहोचलाच, तर समोर सरकता लोखंडी दरवाजा, त्याला कुलूप. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई आत पहिल्या मजल्यावर. पावसाळ्यात एका म्हातारबाबांची खुर्ची त्या रॅम्पवरून उलटी घसरत आली आणि मोटारसायकलच्या सायलेन्सरला जाऊन थडकली. पोटरी भाजली. त्यांना माझ्याच दुकानात बसवून बर्फ लावला.

मी तिथल्या एका कारकून साहेबांना विचारलं, हा असा का बांधला हो? ते मनाने साधे आहेत, खरं बोलून गेले. “ताई, तपासणीच्या फॉर्मवर रॅम्प आहे की नाही एवढंच असतं. हो किंवा नाही. चढता येतं का, असा रकानाच नाही.”

तिथली माणसं वाईट आहेत असं मात्र कोणी समजू नये. आत्ताचे मोठे साहेब तर इतके चांगले आहेत की कोणी व्हीलचेअरवरचा माणूस आला असं कळलं की स्वतः खाली येऊन सही देतात. लोक त्यांना हात जोडतात. मलाही ते आवडतात. पण त्यांच्या आधीचे साहेब खाली येत नसत, आणि यांच्या नंतरचे येतील का, ते कोणाला ठाऊक? साहेबांची बदली झाली की त्यांच्याबरोबर त्यांचा चांगुलपणाही बदलून जातो. रॅम्पची बदली होत नाही. मला साहेब खाली यायला नकोत, मला वर जाता यायला हवं. शिवाय साहेब खाली येईपर्यंत तो माणूस उन्हात रस्त्याकडेला थांबलेला असतो, आणि त्याच्या फायलीत काय लिहिलंय ते येणारा-जाणारा वाकून वाचत असतो. बाकीचे लोक टेबलासमोर बसून, दार लोटून बोलतात.

आमच्याबाबतीत पायाने काय अडतं आणि इमारतीने काय अडतं, हे मला शाळेतच कळलं होतं. आमच्या गावच्या हायस्कूलला आठवीपासूनचे वर्ग माडीवर होते. सातवी झाल्यावर वडिलांनी मला घरी बसवायची तयारी केली होती. मुख्याध्यापक घरी आले, वडिलांशी दोन-चार वाक्यं बोलले, आणि सोमवारी माझा वर्ग खालच्या दोन नंबरच्या खोलीत आला. वरच्या खोलीत पाचवीची पोरं गेली, ती तर उड्या मारत गेली. नववीला मी गेले तेव्हा नववी दोन नंबरला, दहावीला गेले तेव्हा दहावी दोन नंबरला. यात शाळेचा एक पैसा गेला नाही. सरांनी उपकार केला असंही दाखवलं नाही. वेळापत्रकाच्या फळ्यावर खोली क्रमांक लिहून टाकला, बस्स. माझ्यानंतर दोन वर्षांनी हाताने सरपटत येणारा एक मुलगा आला, त्यालाही तीच खोली मिळाली. त्याच्यासाठी कोणाला विनंती करावी लागली नाही, कारण तोवर ती रीत झाली होती. त्या तीन वर्षांत मी अपंग आहे हे मला खेळाच्या तासालाच आठवायचं.

दहावीला गणित-विज्ञानात चांगले गुण पडले. सायन्सला जायचं ठरवलं. कॉलेजची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. वडील भेटायला गेले, तर तिथले लोक म्हणाले, “एका मुलीसाठी प्रयोगशाळा खाली आणायची म्हणजे नळ, गॅस, सगळं उखडावं लागेल. तुम्ही तिला आर्ट्सला घाला, नाहीतर घरून परीक्षा देऊ द्या.” वडील परत आले आणि गोठ्यात जाऊन बसले. मी बहिःस्थ बी.कॉम. केलं. मे महिन्यात दहावी पास झालेली मी आणि जुलैमध्ये घरी बसलेली मी, दोघींचा पाय एकच होता. स्नायूंची ताकद तेवढीच, कॅलिपर तोच, बुटाची टाचसुद्धा नवी लावलेली नव्हती. फरक होता तो दोन मजल्यांचा. पण माझ्या प्रमाणपत्रावर डॉक्टरांनी पायाची टक्केवारी लिहिली आहे. त्या इमारतीची टक्केवारी लिहायला जागाच नाही.

माझी भाची पुण्यात समाजकार्य शिकते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, मावशी, हेच तर आम्हाला शिकवतात, आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात संपादकाला लिहिलेल्या एका पत्रातून झाली. सप्टेंबर १९७२ मध्ये इंग्लंडमधल्या पॉल हंट नावाच्या माणसाचं पत्र ‘गार्डियन’ वर्तमानपत्रात छापून आलं. हंट स्नायूंच्या आजारामुळे व्हीलचेअरवर असायचे आणि कित्येक वर्षं एका निवासी संस्थेत राहिले होते. आमच्यासारख्यांना जगापासून लांब संस्थांमध्ये ठेवतात, तिथे आमचं कोणी ऐकत नाही, तेव्हा आपण आपली संघटना काढू या, असं त्यांनी लिहिलं. पत्र वाचून माणसं जमली. त्यात व्हिक फिंकेलस्टीन होते, दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध काम केलं म्हणून तुरुंगात जाऊन आलेले, तेही व्हीलचेअरवर. या लोकांनी १९७६ साली रोखठोक मांडलं की शरीरात उणीव असणं ही एक गोष्ट, आणि त्या उणिवेच्या माणसांना बाहेर ठेवणारी व्यवस्था ही दुसरी. अपंग करते ती दुसरी. पुढे माइक ऑलिव्हर या प्राध्यापकांनी १९८३ मध्ये याला अपंगत्वाचं सामाजिक प्रारूप असं नाव दिलं. त्यांनी एक मजेशीर काम केलं. सरकारी पाहणीतले प्रश्न घेतले आणि उलटे करून विचारले. सरकार विचारत होतं, वस्तू धरायला, पिरगाळायला तुम्हाला कोणत्या आजारामुळे त्रास होतो? ऑलिव्हर म्हणाले, असं विचारा की बरण्या, बाटल्या, डबे यांच्या घडणीत असा काय दोष आहे, की ते उघडताना तुम्हाला त्रास होतो?

हे ऐकल्यापासून मला खोडच लागलीय. दुकानात अर्ज भरताना छापील प्रश्न मोठ्याने वाचते आणि मनातल्या मनात उलटा करते. ‘अपंगत्व केव्हापासून?’ असा रकाना असतो. समोर बसलेल्या बाईचं वय सत्तर, गुडघे गेलेले. तिचं उत्तर खरं तर असं आहे, की रेशनचं दुकान चौथऱ्यावर नेलं तेव्हापासून. पण ते ऑनलाइन फॉर्ममध्ये भरता येत नाही, तिथे तारीखच लागते.

आता एवढं लिहिल्यावर कोणी म्हणेल, बाई सगळंच समाजावर ढकलतेय. तसं नाही. कॅलिपरच्या पट्ट्याने मांडीला घासून जखम होते ती समाजाने केलेली नाही. थंडीत पाय रात्रभर ठणकतो, आणि वय वाढेल तसा चांगला पायही दमायला लागलाय. ते माझं मी बघते, औषध घेते, कधी रडते. पोलिओशी माझी ओळख जुनी आहे. खरं तर देशात आता तो राहिलेलाही नाही. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. विषाणू घालवायला घरोघरी माणसं गेली, दोन थेंबांसाठी देशभर बूथ लागले. पायऱ्यांसाठी कोणी घरोघरी जायची गरज नाही, गवंडी पुरे.

दुकानात येणाऱ्यांपैकी एका काकांबद्दल सांगते. त्यांना तरुणपणी कुष्ठरोग झाला होता. औषधाने केव्हाच बरे झाले, पण बोटं झिजली. इतकी वर्षं शेती केली, दोन मुलींची लग्नं केली, रेशन स्वतः जाऊन आणलं. मग अंगठ्याचं मशीन आलं. एकदा दुकानात आले आणि हात काउंटरवर उताणा ठेवून म्हणाले, “ताई, मशीनला माजा अंगठाच उमटंना. ते म्हणत्यात, तू तू न्हाईस.” मी बाटलीतलं पाणी लावून, रुमालाने पुसून, सगळ्या बोटांनी करून बघितलं. लाल दिवा. डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवायची सोय आहे, पण ते यंत्र आमच्या भागातल्या दुकानदारांकडे नव्हतं. काकांचा आजार चाळीस वर्षांपूर्वीचा. रेशनच्या बाबतीत ते अपंग झाले ते मशीन आलं त्या महिन्यात. तेव्हा यंत्रं नवी येतात म्हणजे आमचं बरंच होतं असं नाही, कोणासाठी बनवली यावर आहे. मोबाइलने एका कर्णबधिर मुलाचं आयुष्य सोपं केलंय. तो पोरगा व्हिडिओ कॉलवर हातवारे करून मित्रांशी तासन् तास बोलतो. पण बँकेत खातं अडकलं की तोच मुलगा माझ्याकडे येतो, कारण तक्रारीसाठी फक्त फोन नंबर आहे, आणि त्यावर बोलावं लागतं. मी त्याच्या वतीने बोलायला गेले की पलीकडची बाई म्हणते, खातेदारालाच फोन द्या.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. राज्य परिवहनच्या बसभाड्यात आम्हाला ७५ टक्के सवलत आहे, त्याबद्दल सरकारचे आभार. सवलत तिकिटाला आहे, बसच्या पहिल्या पायरीला नाही. राखीव सीट बसच्या आत आहे, म्हणजे जो चढू शकला त्याच्यासाठी. पुण्यात खाली वाकणाऱ्या, दारातून फळी निघणाऱ्या बस आहेत. म्हणजे बस अशी बनवता येते.

आणखी एक गोष्ट पेपरात कोणी छापत नाही म्हणून लिहिते. जिल्ह्याच्या गावी काम असलं की मी त्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही. चहा तर नाहीच. कॅलिपर घालून खाली बसता येत नाही, आणि कमोड असलेलं, दार बाहेर उघडणारं, आत धरायला दांडी असलेलं स्वच्छतागृह वाटेत कुठे मिळेल याचा भरवसा नाही. माझ्या ओळखीच्या सगळ्या अपंग बायका हेच करतात. एकीला त्यापायी मूत्रमार्गाचा आजार जडला. तिच्या केसपेपरवर संडासाचा उल्लेख नसणार.

माणसांच्या नजरेचं तर काय सांगावं. एकदा देवळाच्या पायरीवर बसून कॅलिपरचा पट्टा घट्ट करत होते. एका बाईंनी येऊन माझ्या ओट्यात दहाची नोट टाकली आणि नमस्कार केला. मी हाक मारून नोट परत दिली, म्हटलं, “ताई, दहा रुपयांत माझ्याकडे पाच झेरॉक्स निघतात. दुकानात या, काढून देते.” त्या इतक्या ओशाळल्या की मलाच वाईट वाटलं. ही झाली एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा हल्ली वाढलीय. बोगस प्रमाणपत्रांच्या बातम्या आल्यापासून खरा माणूसही चोर ठरतो. खुर्चीत बसून आलेला उभा राहिला की लोक एकमेकांकडे बघतात. अहो, व्हीलचेअर वापरणाऱ्यांत चार पावलं चालू शकणारेही असतात, दमतात म्हणून बसतात. दया आणि संशय, या दोन्हींच्या मधे साधं गिऱ्हाईक म्हणून बघायला लोकांना जमत नाही.

आणि तिसरी तऱ्हा कौतुकाची, ज्यात आपला मथळा येतो. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली ४६ वर्षं पेटकर होतेच, पदकही होतं. त्यांची जिद्द कमी पडली असं कोणी म्हणेल का? तरीही आमच्यातल्या एखाद्याने काही केलं की बातमी त्याच्या जिद्दीची होते, आणि जो घरी बसला त्याच्यात जिद्द नव्हती असा अर्थ आपोआप निघतो. माझ्याच वर्षी सातवीत असलेली एक पोलिओची मुलगी दुसऱ्या गावची होती. तिच्या शाळेत कोणी वर्ग खाली आणला नाही. ती माझ्यापेक्षा हुशार होती. तिचा सत्कार कोणी करणार नाही.

कायदा नाही असं म्हणायला जागा नाही. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ चा, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच वर्षी १५ जूनला नियम निघाले. कलम ४५ म्हणतं की नियम निघाल्यापासून पाच वर्षांत असलेल्या सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या. ती मुदत जून २०२२ मध्ये संपली. कलम ४४ तर नव्या इमारतींसाठी आणखी सरळ आहे: सोय नसेल तर बांधकामाला परवानगी नाही, पूर्णत्वाचा दाखला नाही. मग गेल्या काही वर्षांत आमच्या भागात पायऱ्या-पायऱ्यांच्या नव्या कोऱ्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या दाखल्यावर कोणाच्या सह्या आहेत? दंड कलम ८९ मध्ये आहे, पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत, नंतर ५० हजार ते ५ लाख. राजीव रतूरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं की सरकारचे हे नियम नुसत्या शिफारशी आहेत, असं चालणार नाही, पाळावेच लागतील असे किमान नियम तीन महिन्यांत करा. एकोणीस वर्षांच्या खटल्यानंतर न्यायालयाने जे म्हटलं, ते आमच्या कचेरीतले कारकून साहेब एका वाक्यात सांगून गेले होते.

पैसे नाहीत हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. न्यायालयाच्या त्या निकालानंतर बाराच दिवसांनी, २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. आमचं मतदान केंद्र जिल्हा परिषदेच्या शाळेत असतं. तिथे आदल्या संध्याकाळी जाड फळ्यांचा रॅम्प ठोकला, चांगला लांब, त्यावर काथ्याचा पट्टा घातला. व्हीलचेअर आणली, ढकलायला कॉलेजची दोन मुलं उभी केली. मी माझ्या पायांनी, कोणाचा हात न धरता आत गेले आणि बाहेर आले. माझ्या मागून एक बाळंतीण आली, तिच्या मागून काठीवाल्या चार म्हाताऱ्या, आणि पाण्याचे जार आणणाऱ्या पोराने तर ट्रॉली सरळ आत नेली. दोन दिवसांनी फळ्या गेल्या. त्या शाळेत तिसरीत एक मुलगा आहे, दोन्ही पायांनी अधू. त्याची आई त्याला रोज कडेवर घेऊन त्याच पायऱ्या चढते. तो आता जड झालाय. पुढच्या वर्षी तिला तो झेपेल असं वाटत नाही. त्याला मत नाही, म्हणून फळ्या राहिल्या नाहीत, असं मी म्हटलं तर मुख्याध्यापक बाई नाराज झाल्या. पण त्यांनीही त्या फळ्या कुठे गेल्या याची चौकशी केली नव्हती.

ग्रामपंचायतीपासून सगळ्यांनी आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ते बरेच ठिकाणी दिवाळीच्या तोंडावर रोख वाटतात. घेणाऱ्याला गरज असते, नको कसं म्हणणार? माझी विनंती एवढीच, की रॅम्प आणि संडास बांधायला हे पैसे वापरू नका. इमारतीच्या पायऱ्या काही दिव्यांग निधीतून बांधलेल्या नव्हत्या. पायऱ्या ज्या पैशातून झाल्या, रॅम्पही त्यातूनच व्हायला हवा.

आता आपल्याकडे मागणं. पुढच्या ३ डिसेंबरची वाट न बघता वार्ताहरांना टेप घेऊन पाठवा. तालुक्यातल्या एकेका सरकारी इमारतीचं जोतं किती फूट, रॅम्प किती फूट, कठडे किती बाजूंना, दाराला कुलूप आहे का, संडासाची किल्ली कोणाकडे असते, हे मोजून चौकटीत छापा. इमारतीचं नाव आणि दाखला देणाऱ्या कार्यालयाचं नावही छापा. पाऊस-पाण्याचे आकडे रोज छापता, तेवढीच जागा लागेल. आणि दिव्यांग दिनाच्या पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका आली की आयोजकांना आधी व्यासपीठाची उंची विचारा. सत्काराला मला परत बोलावलं तर मी खालीच शाल घेणाऱ्या त्या काकांच्या शेजारी बसणार आहे.

टेप माझ्या दुकानातच आहे, आता विकतच घेतलाय. कोणी येणार असेल तर शनिवार-रविवार सोडून यावं, त्या दिवशी कचेरी बंद असते. दुपारी दोनच्या आधी आलात तर शिपाई सापडतो आणि कुलूप उघडून दाखवतो.

कळावे, लोभ असावा.

आपली नियमित वाचक,
सातारा जिल्हा

(कृपया माझं नाव आणि गाव छापू नये. दुकान त्याच कचेरीसमोर आहे आणि स्टँपपेपरचा परवाना दरवर्षी तिथूनच नूतनीकरण करून घ्यावा लागतो.)